जुने ध्वनियंत्र की नवे? बोलीच्या अभ्यासकाचा विचार

बडनेरा येथील एका घरी जुना रेडिओग्राम आणि लाखेच्या काही तबकड्या आहेत. त्यांपैकी एका तबकडीतील संभाषण ऐकत असता प्रस्तुत लेखकास 'डोया' ऐकू आले, तर सोबतच्या विद्यार्थ्यास 'डोळा'. यंत्र दुरुस्त करावे की नवे घ्यावे, हा त्या घरचा प्रश्न अशा रीतीने संशोधनपद्धतीचा प्रश्न झाला.

वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, हे सर्वश्रुत आहे. या दोन वर्णांतील भेद कानास मुख्यतः सेकंदाला सुमारे दीड ते तीन हजार कंपनांच्या पट्ट्यात कळतो. विद्युत् मुद्रण १९२५ साली रूढ होऊ लागले. तत्पूर्वी कर्ण्यातून मुद्रित झालेल्या तबकड्यांत अडीच हजारांपलीकडील कंपने फारशी उतरलेली नसतात. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणासाठी १९१३ पासून काढलेल्या तबकड्या ऐकताना ही मर्यादा लक्षात ठेवणे अवश्य आहे. जे मुद्रणात नाही, ते कोणतेही यंत्र देणार नाही. परंतु जे आहे, ते यंत्र गमावू शकते.

जुन्या यंत्राची सुई लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेसाठीच घडविलेली असते, हा त्याचा मोठा गुण होय. दोष मात्र तीन आहेत. त्याचा जड दांडा खाच झिजवितो. कालांतराने कंडेन्सर बिघडून स्वराचा तोल ढळतो. चक्राचे रबर कठीण झाल्याने गती अस्थिर होते. गती शेकडा सहाने वाढली, तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि स्वरांची सर्व मापे चुकतात. म्हणून दुरुस्ती म्हणजे केवळ पेटीस झिलई देणे नव्हे. कागदी व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलावेत, गती मोजावी. तत्पूर्वी यंत्रास वीज जोडू नये.

नवे यंत्र हलके व स्थिर असले, तरी तेही निर्दोष नाही. १९४८ साली निघालेल्या सूक्ष्म खाचेच्या तबकडीसाठी सुईचे टोक सुमारे १८ ते २५ मायक्रॉन असते. लाखेच्या तबकडीस ते ६५ ते ७५ मायक्रॉन लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत घासत राहते. शिवाय नव्या ध्वनिवर्धकात बहुधा १९५४ चे प्रमाणित स्वरसंतुलन असते. ते अनेक जुन्या तबकड्यांतील उंच कंपने नाहक दाबते. नेमकी हीच कंपने आपणांस हवी असतात.

तेव्हा निवड जुन्या-नव्याची नसून हेतूची आहे. घरी पूर्वीसारखे गाणे ऐकावयाचे असेल, तर नीट दुरुस्त केलेला रेडिओग्राम अवश्य ठेवावा. अभ्यासासाठी मात्र गती बदलता येणारे, योग्य सुई बसविता येणारे व स्वरसंतुलन निवडू देणारे नवे यंत्र घ्यावे आणि तबकडी स्वच्छ करून, वारंवार न वाजविता, तिची एक अंकीय प्रत करावी.

बडनेऱ्यातील ती तबकडी अशा यंत्रावर रुंद सुईने वाजविली, तेव्हा उभयतांस 'य'च ऐकू आला. विद्यार्थ्याचा कान खोटा नव्हता. त्याच्यापर्यंत ध्वनीच अपुरा पोहोचला होता. यास्तव प्रबंधात बोलीचा दाखला ध्वनिमुद्रणातून देताना यंत्र, सुई व गती यांची नोंद करणे, हे निवेदकाचे गाव नोंदविण्याइतकेच आवश्यक मानावे.