विश्लेषण : महाळुंगेच्या पिन कोडमधून ६१७४ कसा निघतो?

खेड तालुक्यातील महाळुंगेच्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांच्या पत्त्यांवर चाकणचा ४१०५०१ हा पिन कोड दिसतो. त्याचे शेवटचे चार अंक घेऊन मोबाइलवर काही वजाबाक्या केल्या की ६१७४ ही संख्या येते आणि तिथून पुढे हलत नाही. या संख्येत एवढे विशेष काय?

कृती काय आहे?

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, सुरुवातीला शून्य चालेल. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर हेच पुन्हा करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावा.

०५०१ पासून सुरुवात करू :

५१०० − ००१५ = ५०८५
८५५० − ०५५८ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे ७६४१ − १४६७ = ६१७४ हेच येत राहते. महाळुंगेच्या अंकांना सात पायऱ्या लागल्या. कोणत्याही संख्येला यापेक्षा जास्त लागत नाहीत.

शोध कोणाचा?

डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी हा गुणधर्म मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. अनेकांनी तो केवळ करमणूक मानला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो.

हा योगायोग आहे का?

नाही. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले तर उत्तर नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतके येते. म्हणजे फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या ५४च होतात. त्यामुळे ९,९९० संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांत गोळा होतात. ती एकेक तपासली, की सगळ्यांची वाट ६१७४ कडेच जाते.

इतर संख्यांचे काय?

तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरतात. पाच अंकींनाही एकच मुक्काम नाही. हा गुणधर्म आपल्या दशमान लेखनाशी बांधलेला आहे.

६१७४ च्या अंकांची बेरीज १८. तिने भागल्यास ३४३, म्हणजे ७ × ७ × ७ येते. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिले. आता तुमच्या पिन कोडचे शेवटचे चार अंक घ्या आणि पायऱ्या मोजा.