सरकारी खरेदी आणि खुली प्रमाणके : युरोपातील इलेक्ट्रॉनिक बीजकाचा अनुभव

सरकार हे बहुतेक देशांतील सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. कागदी व्यवहाराच्या काळात या गिऱ्हाइकाकडे बीजक पाठविण्यास कागद, लेखणी व टपालाचे तिकीट एवढी सामग्री पुरेशी होती. तोच व्यवहार संगणकाकडे सोपविला म्हणजे पाठविलेले बीजक कोणाच्या यंत्राला वाचता यावयाचे, असा एक नवा प्रश्न उपस्थित होतो. बीजकाच्या रचनेवर एखाद्या कंपनीची मालकी असेल, तर सरकारला चार डझन वह्या विकू इच्छिणाऱ्या दुकानदाराला प्रथम त्या कंपनीची प्रणाली विकत घ्यावी लागेल. यास्तव वरकरणी तांत्रिक वाटणारा हा प्रश्न वस्तुतः सरकारी बाजारपेठेतील प्रवेशाच्या हक्काचा आहे.

या अडचणीवरील उपाय म्हणजे खुले प्रमाणक. प्रमाणक खुले आहे असे म्हणण्यासाठी साधारणतः तीन कसोट्या लावल्या जातात : त्याची संहिता कोणालाही मिळावी, त्याच्या वापराबद्दल स्वामित्वशुल्क द्यावे लागू नये, आणि त्यातील फेरबदल एका पक्षाच्या मर्जीने न होता सर्वांना भाग घेता येईल अशा पद्धतीने व्हावेत. ‘युनिव्हर्सल बिझनेस लँग्वेज’ अथवा यूबीएल हे या प्रकारचे एक प्रमुख प्रमाणक होय. मागणीपत्र, बीजक इत्यादी व्यापारी कागदपत्रांची संगणकाला वाचता येणारी रचना त्यात निश्चित केलेली आहे. ओएसिस या प्रमाणक-संस्थेने ते २००४ मध्ये मान्य केले, आणि २०१५ मध्ये त्याच्या २.१ या आवृत्तीला आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा दर्जा मिळाला.

अशा रचनेचा सरकारी व्यवहारात व्यापक प्रयोग प्रथम करणाऱ्या देशांत डेन्मार्कची गणना होते. १ फेब्रुवारी २००५ पासून तेथील सार्वजनिक संस्थांना इलेक्ट्रॉनिक बीजकच पाठविले पाहिजे, असे बंधन आले. ज्या लहान विक्रेत्यांजवळ साधने नव्हती त्यांच्यासाठी कागदी बीजकाचे रूपांतर करून देणारी केंद्रे ठेवण्यात आली. म्हणजे सक्ती आली तरी दार बंद झाले नाही. तथापि डेन्मार्कची ही पहिली रचना यूबीएलच्या ०.७ या अपूर्ण मसुद्यावर आधारलेली होती. प्रमाणक पक्व झाल्यावर देशाला २.० या आवृत्तीकडे वळावे लागले. जो अगोदर आरंभ करतो त्याला दोनदा बांधणी करावी लागते, हा या घटनेतील बोध होय.

रचना एक झाली तरी बीजक पोहोचविण्याचा मार्ग शिल्लक राहतोच. त्यासाठी २००८ मध्ये युरोपीय आयोगाच्या साहाय्याने पेपॉल हा प्रकल्प सुरू झाला. तो संपल्यावर २०१२ मध्ये त्याचे काम एका स्वतंत्र संघाकडे गेले. या व्यवस्थेत चार घटक असतात : विक्रेता, विक्रेत्याचे सेवाकेंद्र, खरेदीदाराचे सेवाकेंद्र आणि खरेदीदार. विक्रेत्याने कोणत्याही एका केंद्राशी संबंध जोडला म्हणजे पुरते. खरेदीदाराचा पत्ता सामाईक नोंदवहीतून शोधून बीजक पुढे पाठविण्याचे काम केंद्रे करतात. पत्र कोणत्याही टपालपेटीत टाकले तरी ते इच्छित स्थळी जाते, त्यातलाच हा प्रकार. २०१८ मध्ये सिंगापूरने ही व्यवस्था स्वीकारली, आणि तिचा विस्तार युरोपाबाहेर झाला.

तिसरा प्रश्न अर्थाचा. ‘एकूण रक्कम’ हे शब्द दोन संगणक सारख्याच रीतीने वाचतील. परंतु ती रक्कम कर धरून आहे की कर वगळून, हे ठरलेले नसेल तर वाचनाचा उपयोग काय? युरोपीय संघाने १६ एप्रिल २०१४ च्या निर्देशान्वये हे काम हाती घेतले, आणि २०१७ मध्ये ‘ईएन १६९३१’ हे प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यात कराविना रक्कम, करासह रक्कम आणि आगाऊ भरणा वजा जाता देय रक्कम ही पदे स्वतंत्रपणे निश्चित केली आहेत. युरोपातील प्रमाणकांच्या संहिता सामान्यतः विकत घ्याव्या लागतात. याचा मुख्य भाग मात्र विनामूल्य उपलब्ध करण्यात आला. निर्देशाचे दुसरे वैशिष्ट्य असे की त्यातील बंधन मुळात सरकारी खरेदीदारावर आहे : प्रमाणकानुसार आलेले बीजक त्याला नाकारता येत नाही. विक्रेत्यांवर सक्ती करावी की नाही, हे ज्या त्या देशाने ठरवावयाचे आहे.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. इटलीने २०१४ पासून स्वतःची निराळी रचना व एकच मध्यवर्ती विनिमयकेंद्र यांचा अवलंब केला. त्यामुळे शासनाला सर्व बीजके एका ठिकाणी दिसू लागली. परंतु परदेशी विक्रेत्याला आणखी एक रचना शिकावी लागली. शिवाय प्रमाणक विनामूल्य असले तरी सेवाकेंद्र विनामूल्य असतेच असे नाही. रचनेवरील मक्तेदारी मोडून ती सेवेच्या रूपाने परत येऊ नये, यासाठी एक केंद्र सोडून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा टिकविणे अगत्याचे ठरते.

भारताच्या दृष्टीनेही हा विचार उपयुक्त आहे. ई-शासनासाठी खुल्या प्रमाणकांचे धोरण केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर केले, आणि स्वामित्वशुल्कापासून मुक्तता हे त्याचे एक प्रमुख सूत्र आहे. २०१६ मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘जेम’ हे दालन उघडले. १ ऑक्टोबर २०२० पासून, प्रथम पाचशे कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना, ठराविक रचनेचे इलेक्ट्रॉनिक बीजक वस्तू व सेवा करासाठी आवश्यक झाले; १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा पाच कोटींवर आली. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. एक दालन असणे आणि एक प्रमाणक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दालन कितीही प्रशस्त असले तरी त्याच्या किल्ल्या चालकाच्या हाती असतात. प्रमाणक खुले असेल तर ते पाळणाऱ्या कोणालाही आपले दार स्वतः बसविता येते. सरकारचा पैसा सर्वांचा आहे, हे तत्त्व मान्य केले म्हणजे त्या पैशाकडे जाणारी वाटही सर्वांना खुली ठेवणे ओघानेच येते.