मासळी आपली, रात्र ड्रायव्हरची



मासळी जेटीवर उतरली, लिलाव झाला, बर्फ मारून पेट्या गाडीत चढल्या, की बोटवाल्यांचं काम संपतं. पुढचा फोन येतो तो थेट बाजारातून. "माल पोचला" नाहीतर "माल नरम निघाला". मधले हजार किलोमीटर कोणी कापले, कसे कापले, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून यावेळी बोटीवर न लिहिता गाडीवर लिहितोय.

आपल्याकडे आग्र्याची गाडी भरायला येणाऱ्या ड्रायव्हरांपैकी एकजण ग्वाल्हेरचे. शहराच्या मुरार बाजूला थाटीपुर म्हणून वस्ती आहे, तिथे त्यांचं घर. ग्वाल्हेर शिंद्यांचं, त्यामुळे मराठी लहानपणापासून कानावर पडलेली. हिंदी-मराठी मिसळून बोलतात. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना उस्तादच म्हणू. गाडीवरचा पोऱ्या त्यांना तेच म्हणतो. आणि त्या पोऱ्याला उत्तरेत काय म्हणतात माहीत आहे? खलासी! आपल्या बोटीवरचा खलाशी तो हाच. शब्द एक, कामही तसंच: दोर आवळा, टायर बघा, गाडी मागे घेताना आवाज द्या, आणि उस्तादाला झोपू देऊ नका.

रस्ता म्हणजे जुना तीन नंबर, मुंबई-आग्रा. आता त्याचे तुकडे पडून वेगवेगळे नंबर झालेत, पण ड्रायव्हरच्या तोंडी अजून "आग्रा रोड"च. भिवंडी, शहापूर, कसारा घाट, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे. शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडायची, पुढे सातपुड्याचा बिजासन घाट चढला की सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश लागला. खलघाटला नर्मदा. मग गणेश घाट चढून इंदूर, देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरी आणि ग्वाल्हेर. तिथून मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर आणि आग्रा.

आता हिशेब करा. ग्वाल्हेरपर्यंत हजार किलोमीटरच्या वर अंतर. घाट, टोल, गावं, डायव्हर्शन धरून ताशी ४० ची सरासरी पडली, तर स्टिअरिंगवरच २५-२६ तास. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला १९६१ साली. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास हे माप ठरलं. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दिवसाला १० तास. सलग ५ तास चालवलं की निदान अर्धा तास विश्रांती. या मापाने एकट्या ड्रायव्हरला ग्वाल्हेर गाठायला तीन दिवस हवेत. दोघे आलटून पालटून चालवत असतील तर दीड दिवसात जमतं.

बर्फातली मासळी तीन दिवस रस्त्यावर ठेवायला कोण तयार होईल? म्हणजे गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत, हे उघड आहे. पण दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार, भत्ता कोणी द्यायचा? भाडं ठरवताना तो विषय कोणी काढत नाही. बोटीवर रात्री सुकाणूवरची पाळी बदलते. एकजण जागा, बाकीचे पाठ टेकतात. सलग दोन रात्री एकट्यानेच सुकाणू धरायला कुठलाही तांडेल तयार होणार नाही. गाडीवर मात्र हे चालतं. डोळ्यावर पाणी मारायचं, चहा प्यायचा, गाणी मोठ्याने लावायची, पुढे निघायचं.

उस्ताद म्हणाले, "झोप येते ती पहाटे तीन ते पाच. तेव्हा डोळे उघडे असतात, पण माणूस गाडीत नसतो."

घाटांचं वेगळंच. उत्तरेला जाताना कसारा, बिजासन, गणेश घाट हे तिन्ही चढाचे. परतीला तिन्ही उताराचे. उत्तरेत मासळी उतरवली की मिळेल ते वजनी भाडं घेऊन गाडी खाली येते, आणि उतारावर सारखा ब्रेक दाबला की ब्रेक तापून हात वर करतो. ४ जुलै २०२३ ला बिजासन घाटाखाली शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला हेच झालं. ब्रेक निकामी झालेला कंटेनर पुढच्या गाड्यांना ठोकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसं गेली. त्यातली काही तर फक्त बसची वाट बघत उभी होती. उस्तादांचा नियम साधा: ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारा ड्रायव्हर त्यांना आपल्या शेजारी नको असतो.

रोजचं जगणं कसं असतं? अंघोळ ढाब्याच्या टाकीवर. तिथे जेवलं की खाट फुकट. पण मासळीची गाडी म्हटली की ढाबेवाला हात करून लांब लावायला सांगतो, वासामुळे. म्हणजे उस्ताद खाटेवर आणि गाडी अंधारात. डिझेल काढून नेणारे, बॅटरी उचलणारे असतातच, म्हणून खाट सोडून केबिनमध्येच झोपायचं. मध्येच उठून बर्फाचं पाणी निचरतंय का बघायचं, लागला तर वाटेत बर्फ घ्यायचा. मे महिन्यात ग्वाल्हेरकडे पारा ४५ च्या वर जातो, इंजिनाच्या डोक्यावर बसलेल्या माणसाचं काय होत असेल? जानेवारीत उलटं. शिवपुरीच्या पुढे धुकं असं दाटतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. आपल्याला दर्यावरचं धुकं ठाऊक आहे, पण तिथे निदान मागून कोणी ऐंशीच्या वेगाने येत नसतं.

आता एक गोष्ट, जी ऐकून आमच्यातले दोन-तीन नाखवा गप्पच झाले. आग्र्याची गाडी ग्वाल्हेरच्या बायपासवरून जाते. थाटीपुर तिथून फार लांब नाही. पण मागे बर्फ वितळतोय, आणि लोड गाडी वस्तीत न्यायची सोय नाही. मग उस्ताद बायपासवर पाच मिनिटं थांबतात, मुलगा मोटारसायकलवरून डबा घेऊन येतो, धुतलेले कपडे देतो, मळलेले घेऊन जातो. घर हाकेवर, आणि घरात पाय नाही. आपल्या बोटी रात्री गावाच्या समोरून जातात, किनाऱ्यावरचे दिवे दिसतात, पण फेरी अर्धी टाकून वळता येत नाही. तसंच हे. फरक इतकाच, की आपल्याला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. जाळी विणायला, लग्नं उरकायला, पोरांना बघायला दोन महिने हातात असतात. ड्रायव्हरच्या वर्षात असा एकही महिना नाही.

काही गोष्टी सुधारल्यात, तेही सांगायला हवं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने परिवहन खात्याचे जुने नाके बंद केले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. जुन्या गाड्या मात्र अजून बरीच वर्षं तशाच धावणार.

जानेवारी २०२४ चा ड्रायव्हरांचा संप आठवतो ना? पंपावर रांगा लागल्या होत्या. नव्या न्याय संहितेत अपघात करून, न कळवता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती, म्हणून गाड्या थांबल्या. ड्रायव्हरांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो. ते कलम सरकारने तूर्त लागू केलं नाही. पण जखमीला टाकून पळणं बरोबर नाहीच. थोडं पुढे, सुरक्षित जागी थांबून ११२ ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

आता मुद्द्याचं. सहाची वेळ दिलेली गाडी लिलाव लांबला, बर्फ आला नाही, पेट्या कमी पडल्या म्हणून अकराला सुटते. पण बाजाराची वेळ बदलत नाही. ते गेलेले पाच तास रस्ता परत देत नाही, ते ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल होतात. म्हणून बोटवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच:

• गाडी भरायला लागायच्या आधी बर्फ आणि पेट्या जेटीवर तयार ठेवा. मासळीइतकाच बर्फ, हे माप सोडू नका. बर्फ पुरेसा असला की ड्रायव्हरला पळावं लागत नाही.
• लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर मागा आणि भाड्यात तो पैसा धरा. एक गाडी माल नासला तर त्याच्या कितीतरी पट जातं.
• "चार पेट्या अजून बसतील" म्हणू नका. जादा वजनाला केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० दंड आहे. जादा माल रस्त्यातच उतरवायला लावतात, तो वेगळा.
• उशीर जेटीवर झाला असेल तर बाजारात आपणच फोन करून कळवा. ड्रायव्हरला दर तासाला "कुठे पोचलास" विचारू नका. चालवताना तो फोन उचलतो, हेच धोक्याचं.
• गाडी येऊन उभी असेल तोवर ड्रायव्हरला सावलीत पाठ टेकायला जागा आणि अंघोळीला पाणी द्या. याला खर्च येत नाही.
• खलाशी असो की खलासी, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. १८ ते ७० वय आणि बँक खातं पुरे.

पुढच्या वेळी आग्र्याची गाडी लागली की पेट्या मोजण्याआधी उस्तादांना एक प्रश्न विचारा: "झोप झाली का?" नाही म्हणाले, तर दोन तास झोपू द्या. बर्फ तेवढा दम धरतो.