भरतीचा काटा आणि घरचे ताट

सैन्यभरतीची जाहिरात निघाली की आपल्या सीमाभागातील गावांचे वेळापत्रक बदलते. पहाटे चारला रस्त्याकडेने पळणारी पोरे दिसू लागतात, शाळेच्या मैदानावर सिंगल बारला लोंबकळणाऱ्यांची रांग लागते. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीच्या तर नावातच सैनिक आहे. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने 'पलटण' हा शब्द आपल्या मराठी घरांत आणि कन्नड घरांतही सारखाच ओळखीचा. उंची, छाती, धावणे यांची चर्चा पारावर रोज होते. वजनाची मात्र होत नाही. "वजन काय मास्तर, आठ दिवसांत करतो की!" हे वाक्य मी हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवताना सत्तावीस वर्षे ऐकत आलो.

आठ दिवसांत वजन होत नाही. होते ते सोंग. आणि या सोंगापायी चांगल्या चांगल्या मुलांचे नुकसान होते, म्हणून हा लेखप्रपंच.

आकडे काय सांगतात?

पूर्वी सोल्जर जनरल ड्यूटीसाठी किमान ५० किलो असा सरळ हिशेब होता. त्या काळी आपल्याकडचा प्रश्न एकच, पोरगा भरायचा कसा? मोजणीच्या आधी डझनभर केळी आणि तांब्यावर तांबे पाणी, हा ठरलेला उपाय. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता अग्निवीरांच्या जाहिरातीत वजनाचा एकच आकडा नसतो. 'उंची आणि वयाच्या प्रमाणात, लष्कराच्या वैद्यकीय धोरणानुसार' असे लिहिलेले असते. म्हणजे खालची मर्यादा आहे, तशी वरचीही आहे. हे 'वरची' प्रकरण अजून पुष्कळ घरांत पोचलेलेच नाही.

एनडीएच्या जाहिरातीला जोडलेला लष्कराचा तक्ता पाहा. १७० सेंटीमीटर उंचीच्या मुलाचे वजन किमान ५२ किलो हवे. वय १७ ते २० असेल तर जास्तीत जास्त ६३.६ किलो, आणि विसावे वर्ष पूर्ण झाल्यावर तिसापर्यंत ६६.५ किलो. उंची १६८ असेल तर हेच आकडे ५०.८, ६२.१ आणि ६४.९ असे होतात. कुस्ती, बॉक्सिंग, शरीरसौष्ठव करणाऱ्या पीळदार मुलांसाठी सवलत आहे, पण तिलाही अटी आहेत. खेळाचा लेखी पुरावा हवा, बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा २५ च्या आत हवा, कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा कमी हवी, कंबर भागिले नितंब हे गुणोत्तर ०.९ च्या आत हवे आणि रक्ताच्या तपासण्या ठीक हव्यात. मुलींसाठी कंबर ८० च्या आत आणि गुणोत्तर ०.८ च्या आत.

सीमाभागातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत जनरल ड्यूटीसाठी महाराष्ट्र आणि गुजरातच्या मुलांना १६८ सेंटीमीटर उंची लागते, कर्नाटक आणि गोव्याच्या मुलांना १६६. कागलचा १६७ चा मुलगा मागे राहतो, निपाणीचा त्याचा मावसभाऊ पुढे जातो. भाषा कोणती बोलता हे कोणी विचारत नाही, रहिवासी दाखला विचारतात. त्यामुळे घर बदलले की आकडाही बदलू शकतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

पलसाण्याचा भाचा

आमच्या कुटुंबात हा विषय आला तो थेट गुजरातमधून. माझी धाकटी बहीण इचलकरंजीत दिली होती. दाजी कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये. तिथून ते सुरत जिल्ह्यातील पलसाण्याला गेले. पलसाणा म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे तालुक्याचे गाव. आजूबाजूला डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, आणि मिलांच्या मागे ऊसच ऊस. तालुक्यात चलथाणला साखर कारखानाही आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा संकेश्वरला आल्यासारखेच वाटले होते. दाजींच्या आई चिकोडीकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. त्यामुळे भाचा घरात मराठी, आजीशी कन्नड आणि गल्लीत गुजराती बोलत वाढला.

दहावीपर्यंत तो सुट्टीत आमच्याकडे येऊन तालमीत मेहनत करायचा. शालेय कुस्तीत दोन प्रमाणपत्रेही मिळवली. पुढे बारावी आणि मग मिलमध्ये हिशेबाचे काम. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. दिवाळीत मी पलसाण्याला गेलो तेव्हा गडी साडेएकोणीस वर्षांचा, उंची १७०, वजन ७१ किलो. तक्त्याप्रमाणे सात किलो चारशे ग्रॅम जास्त.

"मामा, मी पैलवान आहे. माझं वजन चरबीचं नाही, हाडाचं आहे," तो म्हणाला. बीएमआय काढला तर २४.६ आला, म्हणजे २५ च्या आत. प्रमाणपत्रेही होती. मग बहिणीच्या शिवणकामातील फीत मागवली. कंबर ९३ सेंटीमीटर! सवलतीचे दार तिथेच बंद झाले. कोपऱ्यात बसलेल्या आजी हसून म्हणाल्या, "तूक नोडब्याड्री मास्तर, होट्टी नोड्री." वजन बघू नका, पोट बघा! डॉक्टर लोक जे मोठमोठ्या लेखांत लिहितात, ते त्यांनी चार शब्दांत सांगितले.

काट्याला काय कळत नाही?

काटा फक्त किलो सांगतो. त्यातले मांस किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाचे डॉक्टर आल्बर्ट बेंकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. त्या वेळच्या वजनाच्या तक्त्यानुसार त्यातील १७ जण सैन्यासाठी अयोग्य ठरत होते. पाण्याखाली वजन करून पाहिले तेव्हा त्या गड्यांच्या अंगावर चरबी फारशी नव्हतीच, मांसच होते. सैन्याला चरबी मोजावीशी वाटू लागली ती तेव्हापासून. २०२३ मध्ये अमेरिकी लष्करात १७ ते २० वयाच्या पुरुषाला २० टक्के आणि स्त्रीला ३० टक्के चरबीची मर्यादा होती. ती काढण्यासाठी पूर्वी मान, कंबर अशी दोन-तीन ठिकाणी फीत लावत. २०२३ मध्ये नियम बदलून फक्त पोटाचा घेर घेण्याची पद्धत आली.

आपल्याकडे गोष्ट उलट आहे. आपला माणूस काट्यावर हलका दिसतो आणि आतून चरबीचा निघतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे वर्षानुवर्षे अभ्यासले. २००४ मध्ये त्यांचे आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! वजन-उंचीचे प्रमाण एकच, चरबी दुपटीहून अधिक. म्हणून तक्त्यात बसणाऱ्या मुलानेही फीत लावून पाहावी.

फीत कशी लावायची? शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. नितंबांचा घेर सर्वात रुंद जागी घ्यायचा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, तो शिंप्याचा आणि दुकानदाराचा हिशेब झाला.

गोळी नको, प्लास्टिक नको

भाच्याच्या ओळखीच्या एका मुलाने त्याला सांगितले होते की मोजणीच्या दोन दिवस आधी लघवीची गोळी घ्यायची, अंगात रेनकोट घालून पळायचे, चार किलो जातात. भाच्याने मला हे सहज सांगितले, आणि मी त्याला समोर बसवून घेतले.

या वाटेने जाते ते पाणी, चरबी नव्हे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारी तीन मुले वजनगटात बसण्यासाठी घाम काढता काढता गेली. त्यानंतर तिथले नियमच बदलले. आपल्या देशात २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडातील उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवार दगावले. धावणे आणि सुकलेले शरीर या दोन गोष्टी एकत्र येऊच नयेत. सैन्यभरतीच्या मैदानावर धावणे आधी असते आणि मोजमाप नंतर. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढले तरच पूर्ण ६० गुण, आणि दहा पुलअप्सना ४० गुण. पुलअप म्हणजे स्वतःचेच वजन दहा वेळा उचलणे. अंगावरचा फुकट किलो दहाही वेळा उचलावा लागतो.

हीच गोष्ट हडकुळ्या मुलांची. पोटात दोन लिटर पाणी घेऊन कोणी साडेपाच मिनिटांत पळत नाही. त्यांनी सहा महिने आधी शेंगदाणे, उसळ, अंडी, दूध सुरू करावे आणि सोबत जोर-बैठका माराव्यात. नुसते खाल्ले तर वजन वाढते, पण ते पोटावर.

ताटात काय बदलले?

बहिणीने मला विचारले, "दादा, त्याला उपाशी ठेवू का?" मी म्हटले, "उपाशी मुळीच नको. फक्त त्याचं संध्याकाळचं खाणं बघ." मिलमधून सुटला की रोज लोचो किंवा खमण, वर शेव, वर तेल, सोबत थंड पेय. रात्री घरी पुन्हा चार पोळ्या आणि भात. सकाळचे दूध-तूप मात्र तालमीच्या काळातले तसेच चालू.

मग घरानेच ठरवले. लोचो आठवड्यातून एकदाच, रविवारी, सर्वांनी मिळून. थंड पेय बंद, त्या जागी ताक. दुपारी आणि रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, मटकी किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, कांदा-काकडी आणि आजींच्या हातची शेंगाचटणी, पण चमचाभर. आठवड्यात चार दिवस अंडी. तूप एक चमचा. हिवाळ्यात तिकडे पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला हुरडा आणि कन्नडमधली सीतनी. सुरतेत तो शेवेबरोबर खातात, याने लिंबू पिळून खाल्ला. पहाटे धावणे, एक दिवसाआड बैठका आणि बार. झोप सात तास, हे सर्वात अवघड, कारण दाजींची रात्रपाळी असली की घर उशिरापर्यंत जागे असते.

सर्वांत मोठा फरक पडला तो एकाच गोष्टीने. घरात त्याच्यासाठी वेगळे ताट लागले नाही. दाजींनीही तेच खाल्ले. त्यांच्या साखरेची तपासणी डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवली होती. पोराच्या निमित्ताने बापाचेही पोट कमी झाले.

आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत कमी होणे, ही धिमी चाल चांगली. भाच्याची चाल त्याहूनही धिमी होती. मध्ये तीन आठवडे काटा हललाच नाही. पोरगा हिरमुसला, पण फीत मात्र एक सेंटीमीटर उतरली होती. पाडव्याला, म्हणजे आजींच्या उगादीला, वजन ६६ किलो, कंबर ८६, नितंब ९६. गुणोत्तर ०.९ च्या थोडे आत. त्याच महिन्यात त्याला वीस वर्षे पूर्ण झाली आणि तक्त्यातील ६६.५ चा रकाना त्याला लागू झाला. आता त्याची ऑनलाइन परीक्षेची तयारी चालू आहे. २०२३ पासून आधी ती परीक्षा आणि मग मैदान असा क्रम झाला आहे. निवड होईल की नाही, ते मैदान ठरवील. पण धापा न टाकता तो तीन मजले चढतो आणि रात्री शांत झोपतो, ही कमाई त्याच्याकडून कोणी काढून घेणार नाही.

मुलींच्या आयांसाठी

लष्करी पोलिसांतील महिलांची पहिली ८३ जणींची तुकडी मे २०२१ मध्ये बेंगळुरूला प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. आता आपल्या मुलीही पहाटे धावतात. त्यांना १.६ किलोमीटरसाठी साडेसात मिनिटे असतात. त्यांच्या बाबतीत धोका दुसरा आहे. वजनाच्या धास्तीने जेवण तोडायचे, मग रक्त कमी, पाळी अनियमित. अशा मुलीला काट्याआधी हिमोग्लोबिनची तपासणी हवी. नाचणी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि कडधान्य यांत काटकसर करू नका. मुलाच्या ताटात अंडे पडत असेल तर मुलीच्याही पडले पाहिजे.

जाहिरात दरवर्षी नवी येते, आकडे इकडेतिकडे होतात. म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, अकादमीवाल्याच्या तोंडी हिशेबावर राहू नका. वैद्यकीय तपासणीत वजनावरून अडले आणि पुढच्या तपासणीसाठी लष्करी रुग्णालयात पाठवले, तर चिठ्ठीवरची मुदत आधी बघा. ती थोड्याच दिवसांची असते, त्यात वजन कमी करायला सवड नसते. तयारी त्याआधीच झालेली हवी. घरात साडेसोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी भरतीचे नाव काढू लागली, की पहिल्या दिवशी बूट घेण्याआधी वीस रुपयांची फीत घ्या, आणि महिन्यातून एकदा घरातील सगळ्यांनीच ती कमरेला लावा.