विश्लेषण : मोबाइलवर सुबक दिसणारा लोगो फ्लेक्सवर का फुटतो?

दुकानाचे उद्घाटन असो वा मंडळाचा गणेशोत्सव, फ्लेक्स छापायला देताना एक संवाद हमखास होतो. ‘लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय,’ असे ग्राहक सांगतो आणि डीटीपीवाला म्हणतो, ‘जेपीजी नको, सीडीआर नाहीतर पीडीएफ द्या.’ ग्राहकाला ही अडवणूक वाटते. पण संगणक चित्र दोन निराळ्या पद्धतींनी साठवतो, बिटमॅप आणि व्हेक्टर. ही मागणी त्यातूनच येते.

बिटमॅप म्हणजे काय?

मॅटीच्या कापडावर टाक्यांनी भरलेला मोर आठवा. लांबून मोर दिसतो, जवळ गेल्यावर नुसते टाके. बिटमॅप चित्र तसेच असते. त्यात पिक्सेल नावाचे चौकोनी ठिपके असतात आणि प्रत्येकाचा रंग नोंदलेला असतो. जेपीजी, पीएनजी हे याचे नेहमीचे प्रकार. चित्र मोठे केले की नवा तपशील येत नाही, ठिपकेच ताणले जातात.

समजा, लोगोची रुंदी ६०० पिक्सेल आहे आणि तो १० फूट रुंद छापायचा आहे. १० फूट म्हणजे १२० इंच. एका इंचाला आले फक्त ५ पिक्सेल! म्हणजे एकेक ठिपका सुमारे ५ मिलिमीटरचा चौकोन झाला. सॉफ्टवेअर या कडा गुळगुळीत करायला जाते आणि लोगो धूसर होतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र आधीच आकसलेले असते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ही घट टळते, मात्र मुळातच लहान असलेले चित्र त्याने मोठे होत नाही.

व्हेक्टरमध्ये काय वेगळे?

इथे ठिपके नाहीत, सूचना असतात. वर्तुळाचा मध्य कुठे, त्रिज्या किती, आत कोणता रंग. व्हिजिटिंग कार्ड असो वा होर्डिंग, त्या मापाला संगणक आकृती नव्याने काढतो, त्यामुळे कडा धारदार राहतात. यातील वक्ररेषांचे गणित आले मोटारींच्या कारखान्यांतून. सित्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमधील पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्यांनी गाड्यांच्या बाह्यांगाचे वळण नेमके मांडण्यासाठी ते स्वतंत्रपणे विकसित केले. आज संगणकावरील बहुतेक फॉण्टची अक्षरे अशाच रेषांची असतात. म्हणून टाइप केलेली पीडीएफ कितीही मोठी केली तरी अक्षरे फुटत नाहीत, शेजारचा फोटो मात्र फुटतो.

मग सगळेच व्हेक्टर का नाही?

कारण चेहऱ्यावरच्या सावल्या, त्वचेच्या छटा मोजक्या रेषांत मावत नाहीत. फोटो बिटमॅपच हवा, फक्त पुरेसा मोठा. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १० फुटांवर इंचाला ३३ पिक्सेल देतो. रस्त्यापलीकडून पाहायच्या फलकाला तेवढे बहुधा चालते. हातात धरायच्या लग्नपत्रिकेसाठी मात्र इंचाला ३०० लागतात.

फसगत कुठे होते?

जेपीजी कोरलड्रॉमध्ये उघडून सीडीआर म्हणून साठवली, की झाले व्हेक्टर, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नव्या डब्यात जुनेच ठिपके असतात. पीडीएफचेही तेच. चित्र पडद्यावर खूप मोठे करून पाहावे, चौकोन दिसले तर ते बिटमॅप. आपोआप रेषा काढून देणारे ‘ट्रेस’ साध्या आकृतीला बरे, पण बारीक अक्षरांची वळणे त्यात बिघडतात. अशा वेळी कुणाला तरी लोगो पुन्हा काढावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. त्यामुळे लोगो करून घेतानाच सीडीआर, एआय किंवा एसव्हीजी यांपैकी एक मूळ फाइल मागून घ्यावी.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधले नाव तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडले की अगम्य चिन्हे उमटतात. म्हणून छपाईवाले ‘कर्व्ह करून द्या’ म्हणतात, म्हणजे अक्षरांच्या आकृती करा. तसे केल्यावर मजकूर टाइप करून बदलता येत नाही. पुढच्या वर्षी पत्ता बदलायचा असेल, तर कर्व्ह न केलेली प्रतही जपून ठेवावी लागते.