पाचवा जिन्नस

वजनाच्या मापावरून नाव पडलेले खाद्यपदार्थ थोडेच आहेत. ‘पौंड केक’ हा त्यांपैकी एक होय. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. मराठीत या मापाला पूर्वी रत्तल म्हणत. मैदा, साखर, लोणी व अंडी हे चार जिन्नस प्रत्येकी एक पौंड घेऊन हा केक करीत, म्हणून त्याला हे नाव मिळाले. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात त्याची कृती दिलेली आहे. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पौंड मागे पडला. परंतु समभागांचा नियम तसाच राहिला. आता प्रत्येक जिन्नस पाव किलो घेतला, तरी केक तितकाच चांगला होतो. पाव किलोला साधारण पाच अंडी लागतात.

या केकचे बहुतेक साहित्य बारामती व इंदापूर या तालुक्यांत मिळते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर तेथे ऊस पिकतो आणि सहकारी कारखान्यांत त्याची साखर होते. रब्बीत गहू येतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत दुधावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. कोंबडीपालनही या भागात चालते. केकमध्ये घालावयाचे काजू कोकणातून येतात, तर बेदाणे सांगली जिल्ह्यातील तासगावकडून. ताजी द्राक्षे फार दिवस टिकत नाहीत. ती सुकवली, म्हणजे सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो व तो कित्येक महिने टिकतो. त्यामुळे ताज्या द्राक्षांचा भाव उतरला, तरी बागाइतदाराचे सारे श्रम वाया जात नाहीत.

जुन्या पद्धतीच्या या केकमध्ये फुगवणारी पूड किंवा सोडा घालीत नाहीत. मग तो फुगतो कसा? याचे उत्तर घोटण्यात आहे. लोणी मऊ करून त्यात साखर घालावी व एकाच दिशेने घोटीत राहावे. लोणी घरचे असल्यास त्यातील ताक आधी धुऊन काढावे. साखरेचे टोकदार कण लोण्यात फिरू लागले, की हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे त्यात अडकतात. पिवळसर लोणी हळूहळू पांढरे व हलके होते. हॅना ग्लासच्या कृतीत तर सगळे जिन्नस एकत्र करून ते मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर घोटावयास सांगितले आहे!

नंतर एकेक अंडे फेटून घालावे. सर्व अंडी एकदम ओतली, तर लोणी व पाणी वेगळे होऊन मिश्रण फाटते. शेवटी चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा. मैदा फार घोटल्यास गव्हातील चिकट द्रव्य ताणले जाते व केक चिवट होतो. काजूचे तुकडे व बेदाणे थोड्या कोरड्या मैद्यात घोळून घालावेत. त्यामुळे ते ओल्या मिश्रणाला धरून राहतात व सहसा तळाशी बसत नाहीत.

हे मिश्रण लोणी लावलेल्या भांड्यात ओतून सुमारे १६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत तासभर किंवा थोडे अधिक ठेवावे. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर भांडे ठेवतात व वर झाकण घालतात. उष्णतेने आतील हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ होते आणि केक वर येतो. त्याच वेळी अंडी घट्ट होतात व मैदा शिजतो, म्हणून बुडबुड्यांच्या भिंती पक्क्या होतात. त्या पक्क्या होण्यापूर्वी झाकण उघडले, तर थंड हवेने केक मध्येच बसतो आणि किलोभर साहित्याची नासाडी होते. पातळ काडी मध्यभागी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली, म्हणजे केक झाला असे समजावे.

चार जिन्नस तराजूत तोलता येतात. पाचवा जिन्नस हवा. तो बाजारातून आणावा लागत नाही आणि तराजूतही तोलावा लागत नाही. तो केवळ घोटणाऱ्याच्या श्रमाने व धीराने मिळतो. श्रमांत कसूर झाली, तर उत्तम लोणी व उंची काजू घालूनही केक दडस होतो.