पांढरीचं शिक्षण

इनामगावच्या माणसांवर वाईट दिवस आले होते, हे तीन हजार वर्षांनी कळलं ते मातीच्या रंगावरून. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. तिथल्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून दहा वर्षांहून अधिक काळ उत्खनन केलं. खालच्या थरांत चौकोनी, ऐसपैस घरं निघाली. वरच्या, इ.स.पू. 1000 नंतरच्या थरांत मात्र घरं लहान आणि गोल झालेली. घर म्हणजे तरी काय, तर चोपून केलेल्या जमिनीचा तुकडा, एखादी चूल आणि कडेनं खांबांच्या खुणा. लाकूड केव्हाच कुजलेलं असतं. खांबाच्या खड्ड्यात नंतर भरलेली माती भोवतालच्या मातीहून जराशी गडद आणि भुसभुशीत राहते, एवढंच. असे गडद ठिपके गोलात दिसले म्हणून तिथे झोपडी होती हे समजलं. पाऊसमान घटलं, शेती बसली आणि गाव गरीब झालं, या पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांच्या मांडणीत त्या झोपड्यांचा पुरावा मोलाचा ठरला.

तो ठिपका कुणालाही दिसत नाही. नवशिक्याच्या खुरपीखाली तो दोन मिनिटांत नाहीसा होतो. पुरातत्त्वाची पदव्युत्तर पदविका असते ती हा ठिपका वेळेवर दिसावा म्हणून.

आपल्याकडे कला शाखेतल्या पदविकेला फारसा मान नाही. एम.ए. हे खरं शिक्षण आणि पदविका ही त्याला लावलेली पुरवणी, असा समज घरोघरी आहे. पुरातत्त्वात हा क्रम उलटा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची दोन वर्षांची पदविका ही या क्षेत्रातली देशातली सर्वांत मानाची, आणि तिला प्रवेश मिळतो तो एम.ए. झाल्यावर. या शिक्षणाची परंपरा सर्वेक्षणाचा तेव्हाचा महासंचालक मॉर्टिमर व्हीलरने 1944 साली तक्षशिलेत भरवलेल्या प्रशिक्षण शिबिरापर्यंत मागे जाते. थराथराने खणायचं, खड्ड्यांच्या मधल्या भिंती राखायच्या आणि त्या भिंतीवर काळ वाचायचा, ही शिस्त त्याने भारतातल्या तरुणांना लावली. सर्वेक्षणाने 1959 मध्ये दिल्लीत स्वतःचं विद्यालय काढलं, 1985 मध्ये त्याची संस्था झाली आणि आता ती ग्रेटर नोएडात मोठ्या आवारात आहे.

महाराष्ट्रात या विद्येचं माहेर म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली ही पाठशाळा टिळक-आगरकरांच्या काळापर्यंत नामांकित महाविद्यालय झाली होती. 1934 मध्ये ती बंद पडली आणि 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे रुजू झाले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात 1950-51 मध्ये खणताना सांकलियांच्या चमूला लाल अंगावर काळी नक्षी असलेली, टिचकी मारली की खण्ण वाजणारी खापरं मिळाली. पुढे महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांच्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वेचं नाव पडलं.

पदविकेचा विद्यार्थी या खापरांपाशी बराच काळ काढतो. खड्ड्यातून निघालेली खापरं धुवायची, वाळवायची, थरानुसार मांडायची. खापरांच्या या अंगणाला सगळे पॉटरी यार्डच म्हणतात. काठ, बूड, तोटी असे तुकडे वेगळे काढायचे. काठाच्या एका तुकड्यावरून अख्ख्या मडक्याचा व्यास काढून चित्र रेखाटायचं. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख. चिठ्ठी हरवली तर खापर घरी नेऊन ठेवायच्या लायकीचं उरतं, अभ्यासाच्या नाही. जळकी माती पाण्यात ढवळली की कोळशासारखे झालेले दाणे वर तरंगतात आणि हजारो वर्षांपूर्वीचे जव चाळणीत येतात. जोडीला शिलालेख, नाणी, मूर्तिशास्त्र, रासायनिक जतन असतंच. कायदेही शिकावे लागतात: जमिनीत सापडलेल्या धनाविषयीचा 1878 चा, स्मारकांचा 1958 चा, पुरावस्तूंचा 1972 चा.

थराला एवढं महत्त्व कशासाठी, हे समजायला दायमाबाद पुरेसं आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठावरच्या या गावी 1974 मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना चार ओतीव वस्तू सापडल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. भारतातल्या प्राचीन धातुकामात त्यांना तोड नाही. पण त्या शास्त्रीय उत्खननातून आलेल्या नव्हत्या. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कशाखाली होत्या, याची नोंद नाही. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळात नेतात. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून काहींनी त्या बऱ्याच अलीकडच्या असल्याची शंका घेतली. अर्धशतक झालं, वाद मिटलेला नाही. इतक्या देखण्या वस्तू हातात असूनही त्यांचं वय ठामपणे सांगता येत नाही, ही हळहळ पुरातत्त्वाच्या प्रत्येक वर्गात पोचते आणि पोचायलाच हवी.

सर्वेक्षणाची पदविका मोजक्यांसाठी असते. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधल्या पदविका आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचं दार त्यामानाने बरंच रुंद आहे. त्यांतल्या अनेकांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. म्हणून या वर्गांत इतिहासाचे विद्यार्थी जसे असतात तसे अभियंते, बँकेतले अधिकारी, डॉक्टर, निवृत्त शिक्षकही येतात. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने अशा शनिवार-रविवारच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून साष्टीचं सर्वेक्षण हाती घेतलं. उपनगरांच्या गल्लीबोळांत, देवळांच्या मागे, तळ्यांच्या काठी त्यांनी वीरगळ आणि गद्धेगाळ अशा कोरीव दगडांच्या नोंदी केल्या. नोकरी सांभाळून केलेलं हे काम हौसेच्या खात्यात टाकणं अन्यायाचं होईल. मुंबईसारख्या शहरात दगड नोंदवून ठेवला नाही तर इमारतीच्या पुनर्विकासात तो कायमचा जातो.

खेड्यांत नुकसान वेगळ्या वाटेनं होतं. जुन्या वस्तीच्या टेकाडाला गावकरी पांढर म्हणतात, आणि पुरातत्त्वज्ञांनीही तोच शब्द उचलला. शेकडो वर्षांची राख, शेण, चुलीचा गाळ मुरलेली ही माती पिकाला चांगली, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांनी शेतात गेली. आता ती यंत्राने उचलली जाते आणि ट्रॉल्या भरून जाते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ती खत म्हणूनच ठाऊक आहे. पण गोदावरी, प्रवरा, घोड, तापीच्या खोऱ्यांत अशी टेकाडं जागोजागी आहेत आणि ती ओळखू शकणारी माणसं फार थोडी.

पदविकेनंतर काय, हा प्रश्न घरचे विचारतात आणि तो रास्त आहे. सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, वस्तुसंग्रहालयं, विद्यापीठं, वारसास्थळांचं जतन करणाऱ्या संस्था, एवढीच मुख्य ठिकाणं. जागा कमी आणि भरती अनियमित. धरण, रस्ता किंवा औद्योगिक वसाहत आखताना प्रशिक्षित माणसाने आधी जमीन फिरून पाहायची, असा नियम कसोशीनं पाळला गेला तर या पदविकाधारकांना काम मिळेल आणि पांढरींनाही वाली मिळेल.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक नवी वाट दिसते. सर्वेक्षणाच्या पदविकेसाठी 2020 मध्ये निघालेल्या जाहिरातीत अभिजात भाषांच्या पदव्युत्तर पदवीधरांना स्थान होतं, पण तमिळचं नाव नव्हतं. तमिळनाडूतून विरोध झाला आणि तमिळबरोबर तेलुगू, कन्नड, मल्याळम, ओडियाही यादीत आल्या. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा जाहीर झाला. त्याच न्यायाने मराठीतल्या एम.ए.ला हे दार खुलं असायला हवं. यादवकाळातले शिलालेख आणि ताम्रपट वाचायला मराठीचा जाणकार लागतोच. त्याला खड्ड्यात उतरून थर वाचायचंही शिकवलं, तर लेख आणि तो ज्या वस्तीत उभा होता ती वस्ती, दोन्हींचा अभ्यास एकाच माणसाला करता येईल.